चेनसॉचे महागडे सुटे भाग : कोणते बदलावे, कोणते वाचवावे

मे महिना सरत आला की गोव्यातील सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा या भागांतील बागायतदार माळ्यावर ठेवलेला चेनसॉ खाली काढतात. घरावर कललेला माड, रस्त्यावर आलेली आंब्याची फांदी, कुळागरात आडवी झालेली पोफळ ही सगळी कामे मिरगापूर्वी उरकायची असतात आणि नेमके त्याच वेळी यंत्र सुरू होत नाही. दुकानात नेल्यावर ‘ब्लॉक-पिस्टन (म्हणजे सिलिंडर आणि पिस्टन) गेला’ किंवा ‘कॉइल (ठिणगी देणारा भाग) उडाली’ असे निदान उभ्या उभ्या होते, आणि सुट्या भागाचा दर ऐकला की मालकाच्या मनात नवे यंत्र घेण्याचा विचार येतो. हा विचार कधी कधी योग्यही असतो, पण बहुधा तो घाईचा असतो. कारण जो भाग बदलायला सांगितला जातो तो खरोखर गेला आहे का, गेला असल्यास कशामुळे गेला आणि त्याच्या जागी दुसरे काय चालेल, हे तीन प्रश्न तोपर्यंत कोणी विचारलेलेच नसतात.

चेनसॉमधील पिस्टन, सिलिंडर आणि क्रँकशाफ्ट हे महाग भाग सहसा स्वतःहून खराब होत नाहीत. पेट्रोलची चिरलेली नळी, कार्बोरेटरमधील कडक झालेला डायफ्रॅम (रबरी पडदा), हवा ओढणारे ऑइल सील किंवा फाटका एअर फिल्टर असा एखादा स्वस्त भाग आधी जातो आणि तो महाग भागाला सोबत घेऊन जातो. ते कारण सापडण्याआधी नवा पिस्टन बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो. डिचोलीकडील एका बागायतदाराच्या यंत्रात असेच झाले होते. एका कारागिराने पिस्टन बदलून दिला आणि तो काही दिवसांतच पुन्हा ओरखडला. शेवटी कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबरी इनटेक बूट काढून हाताने वाकवला, तेव्हा त्याच्या घडीत केसासारखी बारीक चीर दिसली. बूट जागेवर असताना ती चीर मिटलेली राहत होती. यंत्र थरथरू लागले की उघडत होती आणि बाहेरची हवा आत घेत होती. त्या बुटाची किंमत पिस्टनच्या किमतीपुढे नगण्य होती.

दर विचारण्यापूर्वीची तपासणी

कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी प्लगची टोपी काढून बाजूला बांधून ठेवावी आणि चेन व बार (चेन ज्यावर फिरते ती लांब पोलादी पट्टी) उतरवून ठेवावेत. त्यानंतर कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये धरल्या जाणाऱ्या दाबाचा, अंदाज घ्यावा. यंत्र बंद असताना स्टार्टरच्या मुठीला धरून ते हळूच लोंबकळत सोडावे. सिलिंडर चांगला असेल तर यंत्र थांबत थांबत, टप्प्याटप्प्याने खाली येते. एका दमात सरसर खाली आले तर कॉम्प्रेशन गेलेले आहे असे समजावे. दाब मोजण्याचे गेज उपलब्ध असल्यास थ्रॉटल पूर्ण दाबून, डीकॉम्प्रेशनचे बटण असल्यास ते वर ठेवून, काटा स्थिर होईपर्यंत दोरी ओढावी. साधारण १५० पीएसआयच्या आसपास आकडा आला तर यंत्राची प्रकृती उत्तम असते आणि १२० च्या खाली गेला तर आत पाहणे आवश्यक ठरते. मोटारसायकलसाठी बनवलेले लांब नळीचे गेज एवढ्या लहान इंजिनावर कमी आकडा दाखवते, म्हणून केवळ आकड्यावर विसंबून पिस्टनची ऑर्डर देऊ नये.

आत पाहण्यासाठी सिलिंडर काढावा लागत नाही. सायलेन्सर दोन-तीन बोल्टांवर असतो आणि बहुतेक नामांकित यंत्रांवर त्याला टी-२७ चा टॉर्क्स पाना लागतो. सायलेन्सर काढला की एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टनची एक बाजू दिसते. बॅटरीचा झोत आत टाकून, दोरी अगदी हळू ओढत पिस्टन वर-खाली करून पाहावा. चांगल्या पिस्टनवर लेथच्या आडव्या, बारीक रेषा शाबूत असतात. उभे ओरखडे केवळ एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत होती असा अर्थ होतो. म्हणजे एक तर हवेची गळती आहे, नाही तर कार्बोरेटरमधून पुरेसे पेट्रोल येत नव्हते. पिस्टन सर्व बाजूंनी सारखाच ओरखडला असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल नव्हते किंवा अत्यल्प होते. कार्बोरेटर काढून इनटेकच्या तोंडातून पाहिल्यावर त्या बाजूला मळकट करडी, घासल्यासारखी झीज दिसली तर धूळ आत जात होती, म्हणजे फिल्टर किंवा त्याची बैठक सदोष आहे. एकच खोल चर पडलेला असेल तर रिंग किंवा पिस्टन-पिनची क्लिप तुटली असण्याचा संभव असतो. एवढ्या दहा-पंधरा मिनिटांच्या पाहणीत जे कळते, ते दुकानदाराच्या अंदाजापेक्षा अधिक विश्वसनीय असते, आणि महत्त्वाचे म्हणजे त्यातून पुढच्या खर्चाची दिशा ठरते.

हवेची गळती शोधण्यासाठी कारखान्यातील उपकरण असलेच पाहिजे असे नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापून एक सायलेन्सरखाली आणि दुसरा कार्बोरेटरच्या जागी घट्ट दाबून बसवावा, प्लग लावून ठेवावा आणि डायफ्रॅमला धक्का देणाऱ्या बारीक इम्पल्स नळीतून आत दाब द्यावा. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि गेज या कामाला उत्तम उपयोगी पडतात. त्यावरील ३०० चा आकडा म्हणजे सुमारे ०.४ बार (दाबाचे एकक) होतो आणि तेवढा दाब तपासणीला पुरतो. काटा खाली सरकू लागला तर साबणाचे पाणी ब्रशने इनटेक बूट, सिलिंडरचा तळ, क्लचमागील सील आणि फ्लायव्हीलमागील सील यांवर लावत जावे. जेथे फुगे येतील तेथे दोष आहे. ऑइल सीलची एक खोड लक्षात ठेवावी लागते. झिजलेले सील कधी कधी आतून बाहेर येणारा दाब धरून ठेवते, परंतु बाहेरून आत येणारी हवा थोपवू शकत नाही, म्हणून शक्य असल्यास व्हॅक्यूम देऊनही हीच तपासणी करावी. इंजिन एकदा पूर्ण उघडलेच असेल तर दोन्ही सील विचार न करता नवी घालावीत.

पिस्टन गेला म्हणजे सिलिंडर गेला असे नव्हे

आपल्याकडील गॅरेजमध्ये ब्लॉक आणि पिस्टन यांची जोडी एकत्रच बदलण्याची पद्धत आहे आणि ती जोडी हाच चेनसॉच्या दुरुस्तीतील सर्वांत मोठा खर्च असतो. मोटारसायकलच्या सवयीने काही कारागीर रीबोअर करण्याचाही प्रस्ताव ठेवतात. तो मान्य करू नये. जुन्या मोटारसायकलींच्या सिलिंडरमध्ये ओतीव लोखंडाची लायनर असते, म्हणून तो कापून मोठा करता येतो. चेनसॉचा सिलिंडर मात्र ॲल्युमिनियमचा असून त्याच्या आत निकासिलचा किंवा क्रोमचा अतिशय पातळ आणि कठीण मुलामा असतो. बोअर केल्यास तो मुलामाच निघून जातो आणि सिलिंडर कायमचा निकामी होतो.

पिस्टन जाम होतो तेव्हा बहुधा सिलिंडर कापला जात नाही, तर पिस्टनचे मऊ ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला चिकटते. पाहताना ते भीषण ओरखड्यासारखे दिसते, पण बोटाच्या नखाने चाचपल्यास ते खोलगट न लागता उंचवट्यासारखे लागते. निकासिलचा सिलिंडर असेल तर हे चिकटलेले ॲल्युमिनियम हायड्रोक्लोरिक आम्लाने काढता येते. हार्डवेअरच्या दुकानात फरशी धुण्यासाठी जे तीव्र ॲसिड मिळते ते हेच असते. कापसाच्या काडीवर थोडेसे आम्ल घेऊन ते केवळ चिकटलेल्या पट्ट्यावर लावावे. तेथे बारीक फेस येऊ लागतो आणि पट्टा काळपट पडतो. तो पुसून पुन्हा लावावे. असे करत करत एका क्षणी आम्ल लावूनही फेस येत नाही, म्हणजे ॲल्युमिनियम संपले आणि खालचा मुलामा उघडा झाला. हे काम उघड्या जागेत, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून करावे, आणि पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतील हवा-धुराच्या तोंडांच्या) कडांपासून आम्ल कटाक्षाने दूर ठेवावे, कारण तेथे मुलामा संपतो आणि सिलिंडरचे स्वतःचे ॲल्युमिनियम उघडे असते. आम्लाला दोन्हींत भेद कळत नाही. शेवटी सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून लगेच ऑइलचा हात फिरवावा आणि बारीक सँडपेपरने तिरप्या रेषा येतील असा हलका हात मारावा. आरशासारखा चकचकीत दिसणारा सिलिंडर क्रोमचा असण्याची शक्यता अधिक असते, आणि हे आम्ल क्रोमही खाते. अशा सिलिंडरवर केवळ सँडपेपरने, कितीही वेळ लागला तरी, सावकाश काम करावे.

स्वच्छ झालेल्या सिलिंडरमध्ये नख अडकेल असा चर राहिला असेल, किंवा मुलामा पापुद्र्यासारखा सुटून खालचे ॲल्युमिनियम दिसत असेल, तर मात्र सिलिंडर बदलण्याला पर्याय नाही. अन्यथा केवळ पिस्टन, रिंग, पिन आणि क्लिपा एवढेच घ्यावे लागते आणि खर्च पुष्कळच कमी होतो. पिस्टन मूळ कंपनीचा परवडत नसेल तर इटलीच्या मीटिओरसारख्या पिस्टन बनवणाऱ्या नामांकित उत्पादकाचा घेण्यास हरकत नाही. बिनानावाच्या पिस्टनसोबत येणाऱ्या क्लिपा मात्र बाजूला टाकाव्यात आणि मूळ कंपनीच्या क्लिपा घ्याव्यात. काही रुपयांची क्लिप चालत्या इंजिनात सुटली तर नवा पिस्टन आणि वाचवलेला सिलिंडर दोन्ही एकदम जातात. एकदा काढलेली क्लिप पुन्हा वापरू नये. पिस्टनच्या माथ्यावरील बाण एक्झॉस्टच्या दिशेला असावा आणि रिंगची टोके खाचेतील बारीक खुंटीच्या दोन बाजूंना नीट बसलेली असावीत, याची खात्री सिलिंडर सरकवण्यापूर्वी करावी.

कार्बोरेटर आणि कॉइल

हे दोन भाग गरज नसताना सर्वांत जास्त बदलले जातात, असे माझे मत आहे.

कार्बोरेटर धातूचा असतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो; खराब होतात ते त्यातील रबरी पडदे, म्हणजे डायफ्रॅम, आणि सुईसारखा व्हॉल्व्ह. हे सर्व किटमध्ये मिळते आणि किटची किंमत पूर्ण कार्बोरेटरच्या मानाने फार थोडी असते. किट मागताना यंत्राचे मॉडेल सांगण्यापेक्षा कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेला नंबर सांगावा, कारण एकाच मॉडेलवर निरनिराळ्या काळात वॉलब्रो किंवा झामा यांचे वेगवेगळे कार्बोरेटर बसवलेले असू शकतात. उघडताना प्रत्येक थराचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. पॅकिंग आधी की पडदा आधी हा क्रम दोन्ही बाजूंना सारखा नसतो, आणि तो चुकला तर चांगला कार्बोरेटरही ‘गेलेला’ ठरतो. जाळी आणि छिद्रे कार्बोरेटर क्लीनरच्या फवाऱ्याने व हवेने साफ करावीत. छिद्रात तार घालू नये.

डायफ्रॅम कडक होण्याचे प्रमाण अलीकडे वाढलेले दिसते आणि त्यात पेट्रोलचा वाटा आहे. पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील बाष्प ओढून घेते, आणि गोव्यातील पावसाळी हवेत बाष्पाला तोटा नाही. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या मिश्रणात पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे बसतात. त्या थरात ऑइल नसते, आणि टाकीतील फिल्टर नेमका तळाशी असल्यामुळे इंजिनाला पहिल्यांदा तेच मिळते. पावसाळ्यानंतर प्रथमच सुरू केलेल्या यंत्रांचे पिस्टन जाम होण्यामागे हे एक मोठे कारण आहे. म्हणून काम संपल्यावर टाकी रिकामी करावी, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करावा आणि मिश्रण त्या त्या कामापुरतेच बनवावे. उत्तम प्रतीचे टू-स्ट्रोक ऑइल असेल तर ५० ला १ म्हणजे एका लिटरला २० मिली, आणि साधे असेल तर २५ ला १ म्हणजे ४० मिली, हे प्रमाण झाकणाच्या अंदाजाने न घेता मापाने मोजावे. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळे प्रमाण दिले असेल तर तेच पाळावे.

ठिणगी पडत नाही म्हणून कॉइल मागवण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे दुसरा, चालू असलेला प्लग लावून पाहावा. दुसरी म्हणजे कॉइलपासून बंद करण्याच्या स्विचकडे जाणारी बारीक वायर कॉइलवरून काढून पाहावी; ठिणगी परत आली तर दोष स्विचमध्ये किंवा कुठेतरी बॉडीला टेकलेल्या वायरमध्ये आहे आणि कॉइल निर्दोष आहे. वायर काढलेल्या अवस्थेत इंजिन स्विचने बंद होत नाही, म्हणून ही चाचणी दोरी ओढण्यापुरतीच ठेवावी. तिसरी गोष्ट आपल्या किनारपट्टीच्या हवेत विशेष महत्त्वाची आहे: फ्लायव्हीलच्या चुंबकावर आणि कॉइलच्या पायांवर तांबडा गंज चढलेला असतो. तो बारीक सँडपेपरने साफ करावा आणि दोन्हींमधील फट ०.२ ते ०.३ मिलिमीटर ठेवून कॉइल पुन्हा आवळावी. फीलर गेज नसेल तर साधे व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकवून, चुंबकाने कॉइल ओढून घेतल्यावर बोल्ट आवळले तरी चालते. चौथी गोष्ट, यंत्र गार असताना सुरू होते आणि वीस मिनिटांनी बंद पडते अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी पेट्रोल टाकीचे झाकण सैल करून पाहावे. हवा ओढल्याचा सूं असा आवाज येऊन यंत्र पुन्हा चालू झाले तर टाकीची हवेची वाट तुंबलेली आहे. गरम अवस्थेत झाकण उघडताना पेट्रोल उसळू शकते, त्यामुळे जरा थांबून आणि आगीपासून दूर हे करावे. झाकण उघडूनही काही फरक पडला नाही आणि गरम इंजिनात ठिणगी खरोखरच नाहीशी होत असेल, तेव्हाच कॉइलवर पैसे खर्च करावेत; आणि अशा वेळी ती मूळ कंपनीचीच घ्यावी, कारण ज्या उष्णतेने पहिली कॉइल गेली त्याच उष्णतेत स्वस्त कॉइल फार काळ तग धरत नाही.

कुठे तडजोड करावी, कुठे करू नये

सुटा भाग मागताना ‘अमुक यंत्राचा पिस्टन’ एवढेच सांगून भागत नाही. यंत्राच्या पट्टीवरील पूर्ण मॉडेल व सिरियल नंबर लिहून घ्यावा आणि कंपनीच्या चित्रमय पार्ट लिस्टमधून भागाचा क्रमांक काढावा. स्टील (Stihl) कंपनीच्या भागांना अकरा आकडी क्रमांक असतो आणि त्यातील पहिले चार आकडे यंत्राचे कुटुंब सांगतात. हुस्कवार्नाच्या भागांना नऊ आकडी क्रमांक असतो. या क्रमांकाचा फायदा असा की पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा येथील दुकानांत आणि बेळगाव-कोल्हापूरकडे फोनवरून दर विचारताना सर्वजण एकाच वस्तूचा दर सांगतात. अनेकदा असेही आढळते की तोच भाग कंपनीच्या दुसऱ्या मॉडेललाही बसतो आणि त्या मॉडेलच्या नावाने तो सहज मिळतो. ऑनलाइन विक्रेत्याकडून घेताना मात्र छायाचित्रात कंपनीचे चिन्ह आहे म्हणून वस्तू मूळ आहे असे मानू नये. किंमत अधिकृत दराच्या चौथ्या हिश्शाइतकी असेल तर ती नक्कल आहे असे गृहीत धरूनच, नक्कल चालेल का याचा निर्णय घ्यावा.

एअर फिल्टरची टोपी, स्टार्टरची दोरी व मूठ, प्लास्टिकचे कव्हर, पेट्रोलची नळी, फिल्टर अशा गोष्टी चांगल्या प्रतीच्या असतील तर कोणत्याही उत्पादकाच्या चालतात. दोरी तर हार्डवेअरच्या दुकानात योग्य जाडीची नायलॉनची मीटरवर मिळते. क्रँकशाफ्टचे बेअरिंग काढल्यावर त्याच्या कडेवर नंबर कोरलेला दिसतो. तो ६२०२ सारखा प्रचलित नंबर असेल तर तेच बेअरिंग बेअरिंगच्या दुकानात नामांकित कंपनीचे आणि कितीतरी कमी किमतीत मिळते. मात्र नंबरापुढील सी-३ सारखे अक्षर-अंकही जुळले पाहिजेत, कारण ते आतल्या ढिलेपणाचे माप असते आणि दोन-स्ट्रोक इंजिनाच्या उष्णतेत त्याला अर्थ असतो. काही कंपन्या मुद्दाम वेगळ्या मापाचे बेअरिंग वापरतात. तेथे इलाज नाही.

याउलट चेनब्रेकचा पट्टा व स्प्रिंग, तुटलेली चेन अडवणारा कॅचर, थ्रॉटलचे लॉक, पुढील हाताचा गार्ड आणि हँडलचे रबरी किंवा स्प्रिंगचे बफर यांच्या बाबतीत तडजोड करू नये आणि वेल्डिंग, तार, एम-सील असले उपायही करू नयेत. हे भाग इंजिन चालण्यासाठी नसतात, म्हणून ते तुटले तरी यंत्र चालतच राहते, आणि त्यामुळेच दुरुस्तीच्या यादीतून ते सर्वांत आधी वगळले जातात. खर्च आवरायचा असेल तर तो अन्यत्र आवरावा.

क्रँककेस हा असा एक भाग आहे की ज्याच्यासाठी नव्याचा दर विचारण्यात अर्थ नसतो. बारचा स्टड उपटून निघाला किंवा सायलेन्सरच्या बोल्टचे आटे गेले म्हणून क्रँककेस बदलायला सांगतात, परंतु कुंडई, बेतोडा, पिसुर्ले यांसारख्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास असलेल्या टर्नरकडे हेलिकॉइल (भोकात बसवायची स्टीलच्या तारेची आटेदार गुंडाळी) बसवून नवे आटे करून मिळतात आणि ते मूळ आट्यांपेक्षा मजबूत असतात. भोक पाडताना निघणारे कीस इंजिनात जाणार नाहीत अशी आधी व्यवस्था करावी. हे क्रँककेस बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते, त्यामुळे रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याकडे ते मुळीच देऊ नये. मॅग्नेशियमचा कीस पेटतो आणि पाण्याने विझत नाही.

बाजारात ५२ किंवा ५८ सीसीच्या नावाने मिळणारी चिनी यंत्रे अनेक नावांनी विकली जात असली तरी आतून पुष्कळशी एकसारखी असतात, आणि त्यांचे सर्वच भाग स्वस्त असतात. त्यांच्या बाबतीत अडचण किमतीची नसून मापाची असते. स्टिकरवरील सीसी अनेकदा खरी नसते, म्हणून जुन्या पिस्टनचा व्यास, पिनची जाडी आणि पिनपासून माथ्यापर्यंतची उंची व्हर्नियरने मोजूनच नवा घ्यावा.

बार, चेन आणि स्प्रॉकेट

यांचा एका वेळचा खर्च कमी वाटतो, पण वर्षभराचा हिशेब मांडला तर इंजिनापेक्षा अधिक पैसे येथे जातात. माडाचे खोड तंतुमय असते आणि पात्याची धार झपाट्याने घालवते. फणसाचा चीक भुशासह क्लचच्या कव्हरमध्ये घट्ट बसतो आणि बारला ऑइल देणारे छिद्र बुजवतो. आणि बुंधा जमिनीलगत कापताना तांबड्या मातीचा एक स्पर्श धार संपवायला पुरतो. ऑइल येत नाही म्हणून ऑइल पंप मागवण्यापूर्वी हे छिद्र, बारची खाच आणि ऑइल टाकीतील जाळी साफ करावी. पंप क्वचितच जातो. गेलाच तर बहुधा त्याला फिरवणारे लहानसे वर्म-गिअर झिजलेले असते आणि ते स्वतंत्र मिळते.

चेन कानसीने धार लावून शेवटपर्यंत वापरता येते. ०.३२५ इंच पिचला (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधील अंतराचे माप) ४.८ मिलिमीटरची, ३/८ इंचाच्या लो-प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटरची आणि पूर्ण ३/८ इंचाला ५.२ मिलिमीटरची गोल कानस लागते. प्रत्येक दाताला सारखेच हात मारावेत आणि तीन-चार वेळा धार लावल्यानंतर पुढील उंचवटा, म्हणजे डेप्थ गेज, दाताच्या धारेपेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली राहील इतका घासावा. दाताची लांबी ४ मिलिमीटरच्या आसपास उरली की चेन बदलावी. नवी चेन तयार पाकिटातील घेण्यापेक्षा रिळावरून हवी तेवढी कापून रिव्हेट करून देणारा विक्रेता गाठला तर ती बहुधा स्वस्त पडते. पिच, गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे त्या कड्यांची, संख्या ही तीन मापे बारवर कोरलेली असतात. प्रत्येक वेळी चेन काढताना बार उलटा करून लावावा आणि त्याच्या कडेला आलेला खरखरीत काठ सपाट कानसीने काढावा, म्हणजे एकाच बारवर तीन-चार चेना सहज निघतात. स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चाक, दोन चेनांनंतर बदलावे. त्यावर अर्धा मिलिमीटर खोल खाच पडल्यानंतरही ते वापरत राहिले तर ते नवीकोरी चेन खाते. पुढील वेळी क्लच ड्रमला अखंड जोडलेल्या स्प्रॉकेटऐवजी रिमचे स्प्रॉकेट बसत असेल तर ते घ्यावे, कारण त्यानंतर केवळ रिम बदलावी लागते.

यंत्र सोडून देण्याची वेळ

वर सांगितलेली तपासणी पूर्ण झाल्यावर सर्व भागांची आणि मजुरीची एकत्र यादी करावी. निम्मे भाग आज आणि उरलेले पुढच्या महिन्यात अशा हप्त्याने केलेल्या खर्चाचा आकडा कधीच डोळ्यांसमोर येत नाही. कारागिराकडे काम सोपवताना ‘भागांचे वेगळे आणि मजुरीचे वेगळे लिहून द्या, आणि काढलेले जुने भाग परत द्या’ असे आधीच नम्रपणे सांगून ठेवावे. एकूण खर्च तशाच दर्जाच्या नव्या यंत्राच्या निम्म्याच्या आत असेल तर व्यावसायिक दर्जाचे यंत्र दुरुस्त करावे. घरगुती दर्जाच्या हलक्या यंत्रासाठी मी ही मर्यादा एक तृतीयांशावर ठेवतो, कारण त्याचे इतर भागही तितकेच झिजलेले असतात. क्रँकशाफ्टची कनेक्टिंग रॉड वर-खाली खुळखुळत असेल, सिलिंडरचा मुलामा सुटला असेल आणि टाकी-हँडलचा प्लास्टिकचा सांगाडाही तडकला असेल, अशा तीन गोष्टी एकाच यंत्रात एकत्र आल्या तर हिशेब करण्याची गरज उरत नाही. कंपनीने ज्या मॉडेलचे भाग देणे बंद केले आहे त्यालाही हेच लागू पडते, मग यंत्र कितीही चांगले असो.

असे यंत्र भंगारात किलोवर देऊ नये. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या यंत्रासाठी त्यातील कॉइल, फ्लायव्हील, कार्बोरेटर, क्लच, स्टार्टरची संपूर्ण बाजू आणि सगळे टॉर्क्स बोल्ट हे भाग बाजारातील नकलेपेक्षा केव्हाही सरस असतात. आणि ज्यांच्याकडे तेच मॉडेल आहे असे लोक म्हापशाच्या बाजारात किंवा गावच्या शेती अवजारांच्या दुकानात चौकशी केल्यास सापडतात. बंद पडलेले सारखे यंत्र स्वतः विकत घेण्याचा मार्गही याच कारणाने विचारात घेण्यासारखा आहे, मात्र घेण्यापूर्वी सायलेन्सर काढून आत पाहू द्यावे, ही अट विक्रेत्याला घालावी. काढलेले भाग रॉकेलने धुऊन, ऑइलचा हात लावून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवावेत. कॉइल आणि रबरी भाग ऑइलपासून वेगळे, कोरड्या पिशवीत ठेवावेत, आणि प्रत्येक पिशवीवर मॉडेलचे नाव व भागाचा क्रमांक लिहून ठेवावा.